आयतं बिल्ड देऊ नका, मार्केट दाखवा: सिटी ऑफ हीरोज खेळणाऱ्या जुन्या मराठी मंडळींना खुलं पत्र

मंडळी, नमस्कार.

आपल्या ग्रुपात मी फार बोलत नाही, पण आपल्या या सुपरहिरोंच्या ऑनलाइन गेममध्ये तुमच्यातल्या निम्म्या लोकांबरोबर मी टास्क फोर्स, म्हणजे टीमनं करायच्या मोठ्या मोहिमा, केलेत, माझी इल्युजन रेडिएशनवाली कंट्रोलर तुम्हाला माहितीये. आज जरा मोठं लिहितेय आणि मनापासून लिहितेय, तेव्हा शेवटपर्यंत वाचा.

कारण आहे माझा भाचा. पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. २०२४ च्या जानेवारीत गेमच्या मालक कंपनीनं, एनसीसॉफ्टनं, होमकमिंगला, म्हणजे बंद पडलेला हा गेम चाहत्यांनी परत चालू केलेल्या सर्व्हरला, अधिकृत लायसन दिलं ती बातमी आली तेव्हा मीच त्याला फोन करून सांगितलं की बाबा आता चोरून खेळल्यासारखं काही राहिलं नाही, अकाउंट फुकट आहे, ये. आला. कटाना तलवार आणि वार चुकवणाऱ्या सुपर रिफ्लेक्सेसचा स्क्रॅपर, म्हणजे जवळून लढणारा हीरो, केला, पोशाख करण्यात दोन तास घालवले (ते बरोबरच आहे, या गेममध्ये ते दोन तास वाया जात नाहीत), आणि ग्रुपात एक साधा प्रश्न विचारला, की कटाना कसं खेळायचं. अर्ध्या तासात त्याला एकानं ५० कोटी इन्फ, म्हणजे गेममधले पैसे, मेल केले, दुसऱ्यानं मिड्सची फाइल पाठवली, म्हणजे कुठल्या पॉवरच्या कुठल्या स्लॉटात काय लावायचं ते तयार बिल्ड, आणि तिसरा त्याला आर्किटेक्टच्या फायर फार्ममध्ये, झटपट लेव्हल वाढवायच्या मिशनमध्ये, घेऊन गेला. पोरगा काही न करता दाराशी उभा. रात्री झोपायच्या आत लेव्हल ५०, म्हणजे शेवटची. दुसऱ्या दिवशी मला फोन, "मावशी, झालं की सगळं. आता काय करायचं?"

दोन आठवड्यांनी त्यानं गेम सोडला.

मला कुणावर राग काढायचा नाहीये. ज्यांनी दिलं त्यांनी प्रेमानं दिलं, आपल्या माणसाला कमी पडू नये म्हणून दिलं, हे मला कळतं. आपल्याकडे पाहुणा आला की ताट भरूनच वाढतो आपण. पण त्या पोराच्या हातात आपण काय ठेवलं आणि त्याच्याकडून काय काढून घेतलं ते एकदा बघा, एवढंच म्हणणं आहे.

आधी पैशाचं सांगते. त्या फाइलप्रमाणे सगळं विकत घ्यायला तो मार्केटवर गेला आणि रेअर सॅल्व्हेजवर, म्हणजे पॉवरला लावायचे नग बनवायच्या कच्च्या मालावर, ५० लाखाची बोली लावत सुटला, एकेका नगावर. तुम्हाला माहितीये की होमकमिंगवर मार्केटमध्ये सॅल्व्हेज टीमनंच भरून ठेवलेलं असतं, साधं १० हजाराला, अनकॉमन १ लाखाला, रेअर १० लाखाला, त्यामुळे त्याच्या वर भाव जायचं काही कारणच नाही. १० लाखाची बोली लावली असती तरी लगेच मिळालं असतं. पण आपलं मार्केट आंधळ्या बोलीचं. विकणाऱ्यानं काय मागितलंय ते घेणाऱ्याला दिसत नाही, आणि आपण जेवढी बोली लावली तेवढेच पैसे जातात, त्यानं कितीही कमी मागितले असले तरी. मी विचारलं, अरे शेवटच्या पाच विक्रीचे भाव खाली दिसतात ते बघितले का? म्हणाला, कशाला बघू, ५० कोटी आहेत ना. यात त्याची चूक काय? ज्यानं ५० कोटी कमावलेच नाहीत त्याला ४० लाखाचा फरक कसा दिसणार?

आता माझं सांगते, म्हणजे मी हे का लिहितेय ते कळेल.

मी २००६ साली अमेरिकेत एडिसनला गेले, नवऱ्याच्या प्रोजेक्टवर, एच-फोर व्हिसावर. त्या काळात एच-फोरवर नोकरी करता यायची नाही, कसलीच नाही. बी.कॉम. झालेली मुलगी, नाशिकला तीन वर्षं सीएच्या ऑफिसात काम केलेली, आणि आता दिवसभर घरात, ओक ट्री रोडला भाजी आणायला जायचं तरी कुणीतरी गाडीनं नेईपर्यंत थांबायचं. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकानं हा गेम दाखवला. महिन्याला १४.९९ डॉलर, त्याचाही आधी मी हिशोब घातला. दुपारी सगळी बिल्डिंग शांत असायची, मी आणि गेममधलं पॅरागॉन सिटी.

तेव्हा इन्फचं काही मोल नव्हतं, ज्यांनी ते दिवस बघितलेत त्यांना आठवत असेल. सिंगल ओरिजिनच्या एन्हान्समेंट, म्हणजे पॉवरचा जोर वाढवणारे साधे नग, घेतल्या की खर्चायला काही उरायचं नाही, लोक अॅटलासच्या पुतळ्याखाली कपड्यांच्या स्पर्धा लावून लाखो इन्फ वाटायचे. आणि बिल्ड तरी काय, २००५ च्या इश्यू ६ या अपडेटनंतर एका प्रकारच्या तीन एन्हान्समेंट लावल्या की साधारण ९५ टक्के मिळायचे, चौथी लावून जवळजवळ काहीच हाती लागत नव्हतं, त्यामुळे सगळ्यांचं सगळं सारखंच.

मग २००७ च्या मे महिन्यात इश्यू ९ आला. इन्व्हेन्शन, म्हणजे रेसिपी आणि सॅल्व्हेजपासून स्वतः एन्हान्समेंट बनवणं, आलं आणि मार्केट आलं, हीरोंना वेंटवर्थ्स, व्हिलनना ब्लॅक मार्केट.

पहिल्या आठवड्यातली एक दुपार मला अजून जशीच्या तशी आठवते. माझ्याकडे लक चार्म नावाचं एक अगदी साधं सॅल्व्हेज पडलं होतं, हेलियन टोळीच्या पोरांना मारताना मिळालेलं. दुकानात विकलं तर २५० इन्फ. मी मार्केटवर १००० ला लावलं, लिस्टिंगचे ५ टक्के आधी कापले गेले तेव्हा जरा जिवावर आलं, आणि सेकंदात विकलं गेलं, २० हजाराला. मी मागितले १०००, घेणाऱ्यानं बोली लावली होती २० हजाराची, मला मिळाले २० हजार वजा एकूण १० टक्के. मी खुर्चीतून उठले आणि घरात एक फेरी मारली. मी निफाड तालुक्यातली, वडील लासलगावला कांदा न्यायचे, लिलाव ओरडून व्हायचा, सगळ्यांच्या समोर, आणि कितीदा तरी ट्रॅक्टर तसाच उभा करून ते भावाकडे बघत बसायचे. त्याआधीच्या पिढीतले रुमालाखाली बोटं दाबून होणारे सौदेही त्यांनी सांगितलेले. इथे रुमाल होताच, पण रुमालाखाली जो जास्त देणार तो आपोआप गाठ पडत होता, मधे आडत्या नाही, ओळख नाही, तुम्ही बाई आहात की पुरुष, कुठल्या व्हिसावर आहात, कुणी विचारत नाही. सगळ्यात कमी मागणाऱ्याचा माल सगळ्यात आधी सगळ्यात मोठ्या बोलीला जातो. इतकं सरळ.

लक चार्म कुणाला लागत होतं? खालच्या लेव्हलच्या अॅक्युरसी रेसिपीला. कोण बनवत होतं? क्राफ्टिंगचे बॅज मिळवणारे, जे एकदम ढिगानं घ्यायचे आणि भाव बघायचे नाहीत. हे मी कुठे वाचलं नाही, वही घालून शोधून काढलं. दोनशे पानी वही, डावीकडे वस्तू आणि तारीख, उजवीकडे शेवटचे पाच भाव, सकाळचे आणि रात्रीचे. शनिवार रविवारी सगळे खेळतात त्यामुळे माल पडतो आणि भाव उतरतो, आठवड्याच्या मधे चढतो. मी रविवारी रात्री कमी बोली लावून ठेवायचे आणि बुधवारी विकायचे. तीन वर्षं ऑफिसात केलेलं काम मला परत करायला मिळालं होतं. तो पैसा खोटा होता हे मलाही कळत होतं, पण हिशोब खरा होता आणि तो माझा होता.

आणि तो पैसा मला कशाला हवा होता तेही सांगते, कारण बिल्ड म्हणजे काय ते मला त्याच्यातूनच कळलं.

माझी फँटम आर्मी नावाची पॉवर. तीन सोंगं उभी राहतात, शत्रू त्यांच्यावर तुटून पडतो, त्यांना काही होत नाही, आणि ६० सेकंदांनी ती जातात. ती पॉवर परत यायला लागतात २४० सेकंद. पॉवर लवकर परत आणणाऱ्या तीन रिचार्ज एन्हान्समेंट लावून ९५ टक्के, हेस्टन पॉवरचे ७०, रेडिएशनमधल्या अॅक्सिलरेट मेटाबॉलिझमचे ३०, झाले १९५. २४० ला २.९५ नं भागा, ८१ सेकंद. म्हणजे ६० सेकंद आर्मी उभी आणि २१ सेकंद मी एकटी, कागदासारखी पातळ कंट्रोलर, समोर सगळा जमाव. त्या २१ सेकंदांत मी किती वेळा मेलेय त्याला गणती नाही. आर्मी कायम उभी ठेवायची तर २४० चे ६० करायला हवेत, म्हणजे रिचार्ज ३०० टक्के, म्हणजे अजून १०५ टक्के कुठूनतरी आणायचे.

लक ऑफ द गॅम्बलर नावाच्या एन्हान्समेंट सेटमधला एक नग रिचार्जचे ७.५ टक्के देतो. एकच बोनस पाचदाच मोजला जातो, सहावा लावला तर फुकट, म्हणजे जास्तीत जास्त ३७.५. आणि एका पॉवरमध्ये एकच बसतो म्हणून डिफेन्सच्या पाच वेगवेगळ्या पॉवर घ्याव्या लागतात, कॉम्बॅट जंपिंग, मनूव्हर्स असल्या, काही तर नुसता तो नग ठेवायला. ते पाच लावले की ८१ चे ७२ होतात. नऊ सेकंद. पाच नगांचे नऊ सेकंद! उरलेलं इतर सेटमधून, पाच टक्के इथे, सव्वासहा तिथे, असं गोळा करायचं, आणि हेस्टन स्वतःच १२० सेकंद चालतो आणि यायला ४५० लागतात, त्यामुळे तो पडला की सगळं गणित पडतं, म्हणजे आधी त्याला कायम करा. लाइव्हच्या, म्हणजे कंपनी स्वतः गेम चालवत होती तेव्हाच्या, शेवटच्या काळात त्या एका गॅम्बलरला १० कोटीच्या वर मोजावे लागायचे. मला पाच गोळा करायला वर्ष गेलं. पण दर नगाला २१ सेकंदांतला एक तुकडा कमी होताना मला हाताला जाणवायचा. पहिल्या नगाला कळलं की आता पळायला जागा मिळतेय. तिसऱ्याला कळलं की दारातून मागे न येता लढता येतं. ज्या रात्री ती खिंड पूर्ण बुजली त्या रात्री मी नवऱ्याला झोपेतून उठवलं होतं.

भाच्याला हे काहीच मिळालं नाही. त्याला एकदम शेवटचं पान दिलं गेलं.

त्याच्या सुपर रिफ्लेक्सेसचंच घ्या. बरोबरीच्या लेव्हलच्या शत्रूचा वार मुळात ५० टक्के वेळा लागतो, आणि वार चुकवणारं डिफेन्स कितीही घेतलं तरी ते ५ टक्क्याच्या खाली जात नाही, म्हणून आपण सगळे ४५, ४५ करत असतो. पण त्यातली खरी मजा ही की ४० वर असताना शंभरातले दहा वार लागतात आणि ४५ ला पाच. म्हणजे शेवटच्या पाच टक्क्यांनी मार निम्मा होतो, जेव्हा पहिल्या पाच टक्क्यांनी ५० चे नुसते ४५ झालेले असतात. स्टेडफास्ट प्रोटेक्शनचा तो ३ टक्केवाला एक नग एवढा मौल्यवान का, तर तो तुम्हाला त्या शेवटच्या पट्ट्यात नेतो. हे ज्याला कळलं त्याला बिल्ड कळलं. पोराला मी विचारलं की तुझ्या टफ पॉवरमध्ये स्टेडफास्ट का आहे, तर म्हणाला, फाइलमध्ये होतं.

आणि नंतर पॉझिट्रॉनच्या टास्क फोर्सला गेला तेव्हा लेव्हल १५ वर उतरला. लेव्हल खाली आली की फक्त पाच लेव्हल वरपर्यंतच्याच पॉवर चालतात हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, ज्या बिल्डमध्ये गंमतीच्या सगळ्या पॉवर उशिरा घेतल्यात ते बिल्ड तिथे लंगडं होतं, त्याच्या निम्म्या चाव्या राखाडी पडल्या. त्याला वाटलं आपल्यालाच खेळता येत नाही. तिथून त्याचं मन उडालं.

आता तुमच्यातले काही म्हणतील, आणि म्हणतातच, की बाई, हा काय अभ्यास आहे का, लोक नोकरी करून थकून येतात, त्यांना दळण दळायला लावू नका, आणि मार्केट म्हणजे काही चार साठेबाजांचा खेळ. दळणाबद्दल मला पटतं. पण मार्केट म्हणजे दळण नाही हो, दळण टाळायचा रस्ता आहे तो! आणि साठेबाजीचं म्हणाल तर ते लाइव्हच्या काळात खरं होतं, एका कॅरेक्टरला २ अब्जाच्या वर इन्फ ठेवता येत नव्हते आणि ग्लॅडिएटर्स आर्मरचा ३ टक्केवाला नग त्याच्याही वर जायचा म्हणून तो सौदा मार्केटच्या बाहेर, ओळखीपाळखीत व्हायचा. ते वाईटच होतं, नवा माणूस त्या दारापर्यंत पोचूच शकत नव्हता. होमकमिंगच्या टीमनं ते सगळं मोडून काढलंय, सॅल्व्हेज एकाच ढिगात, रेसिपीच्या सगळ्या लेव्हल एकाच ढिगात, आणि वर एक एन्हान्समेंट फिरवून दुसरी करणारे कन्व्हर्टर सहज मिळतात. त्यांचे आपण आभार मानले पाहिजेत, लोक मोफत काम करतात आणि देणग्यांवर सर्व्हर चालतात.

कन्व्हर्टरमुळे तर आज कुणीही, अक्षरशः कुणीही, लेव्हल २५ ला स्वतःचा गॅम्बलर बनवू शकतो. डिफेन्सच्या जातीतली एखादी पिवळी, म्हणजे अनकॉमन, स्वस्त रेसिपी घ्यायची, लेव्हल २५ किंवा वरची, गॅम्बलर त्याच्या खाली नसतो म्हणून. बनवायची. मग जातीतल्या जातीत फिरवायची, कधी दुसऱ्या फिरवणीत, कधी सातव्या फिरवणीत ती गॅम्बलर होते, मग सेटच्या आत फिरवत ७.५ वाल्यावर आणायची. टास्क फोर्सला बक्षीस मिळणाऱ्या मेरिटमधून कन्व्हर्टर मिळतातच. मी २०१९ ला परत आले तेव्हा सगळा खर्च धरून माझ्या हातात एक नग २० लाखाच्या आत पडत होता आणि मार्केटला ६० लाखाच्या आसपास जात होता. स्वतःला पाच ठेवले आणि पाच विकले की पुढच्या सेटचा खर्च निघाला. एडिसनमध्ये मला ज्याला वर्ष लागलं ते आता चार संध्याकाळींचं काम आहे. मग आपण ते चार संध्याकाळींचं सुखही पोरांच्या हातून का काढून घेतोय?

मला आठवतंय २०१२. गेम बंद होणार हे ३१ ऑगस्टला कळलं आणि ३० नोव्हेंबरला तो बंद झाला. वहीत अब्जावारी इन्फ होते, एका रात्रीत शून्य. पण सात वर्षांनी होमकमिंग सुरू झालं आणि मी नाशिकच्या घरी पहिल्यांदा लॉगिन केलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की गेलं काहीच नव्हतं, कारण कुठल्या स्लॉटात काय आणि का, हे मला पाठ होतं. शून्य इन्फ घेऊन सुरू केलं आणि महिन्याभरात आर्मी कायम उभी. मला कुणी तेव्हा ५० कोटी आणि फाइल दिली असती तर सर्व्हरबरोबर तेही गेलं असतं.

तर माझी मागणी फार मोठी नाही. नव्या माणसाला पैसे द्यायचेच असतील तर १० लाख द्या, बोलीची चूक कळण्याइतके, आणि त्याच्याबरोबर एक तास मार्केट उघडून बसा. शेवटचे पाच भाव कसे वाचायचे, घाई नसेल तर कमी बोली लावून झोपायला कसं जायचं, विकायला ठेवताना कमी का मागायचं. फाइल द्यायची तर तिच्याबरोबर मराठीत चार ओळी लिहा, हा नग इथे का. कुठलीही एक पॉवर मुद्दाम रिकामी सोडा आणि विचारा, तू काय लावशील? आणि फार्मला नेण्याआधी एकदा विचारा की बाबा, पहिल्या २० लेव्हल तुला स्वतः बघायच्यात का, स्टील कॅनियन, फॉल्टलाइन हे भाग एकदाच नवे असतात.

भाचा परत आलाय. मी त्याला काही दिलं नाही, नवा स्क्रॅपर करायला लावला, त्याच पोशाखाचा. लेव्हल २७ आहे. काल रात्री साडेअकराला मेसेज आला, "मावशी, सातव्यांदा फिरवला, झाला!!" आणि खाली गॅम्बलरचा स्क्रीनशॉट. आज सकाळी विचारत होता की विकू का लावू. मी म्हटलं तू सांग. म्हणाला, "वीकेंडनंतर विकतो, आत्ता सगळेच विकतायत." मी त्याला रविवार बुधवारचं कधीच सांगितलं नव्हतं.

येत्या शनिवारी रात्री दहाला, आपल्या वेळेनं, होमकमिंगच्या रियुनियन सर्व्हरवर अॅटलासच्या पुतळ्याखाली मी बसणार आहे, तीन नवी पोरं येतायत, एक कोल्हापूरची, दोघं बे एरियातली. तुम्ही या. येताना आपल्या सगळ्यात जुन्या बिल्डची फाइल घेऊन या, आणि कुठल्या स्लॉटात काय का आहे ते आधी आठवून ठेवा, कारण पोरं विचारणार आहेत.

तुमची,
इल्युजनवाली ताई, नाशिक